मोटरहोममागे छोटी गाडी: हूक लावण्याआधी गिअरबॉक्स बघा

गेल्या डिसेंबरात आमच्या फोंड्याच्या गॅरेजात पुण्याचे एक गृहस्थ आले. ट्रॅव्हलर व्हॅनच्या आत पलंग, सिंक, छोटा फ्रिज असं सगळं बसवून तिचं मोटरहोम करून घेतलेलं, बायको-मुलं आत बसलेली, आणि यांच्या हातात लाल रंगाचा कोरा टो-हूक. "दादा, एवढा मागं लावून द्या. पुढच्या खेपेला अल्टो मागं बांधून आणणार. ही गाडी फर्मागुडीला लावून ठेवायची आणि अल्टोतून मंगेशी, म्हार्दोळ, बाजार सगळं फिरायचं. अमेरिकेत सर्रास करतात."

मी विचारलं, "अल्टो कुठली? साधी गिअरवाली की एजीएस, आपोआप गिअर बदलणारी?"

"त्यानं काय फरक पडतो? ओढायचीच तर आहे!"

तिथेच सगळा फरक पडतो. हूक, साखळी, दांडा या गोष्टी पैसे टाकले की मिळतात. ओढली जाणारी गाडी बंद असताना तिची चाकं फिरली, तर तिच्या पोटात काय काय फिरतं आणि त्याला तेल पोचतं का, हे मात्र गाडी बनवणाऱ्यानं ठरवून टाकलेलं असतं. ते आपल्याला बदलता येत नाही. त्या गृहस्थांना तासभर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. थोडं अनुभवाचं आहे: माझा मावसभाऊ अमेरिकेत ॲरिझोनात असतो, त्याच्या मोटरहोममागे जीप बांधून आम्ही तीन आठवडे फिरलो. आणि इकडे गोव्यात टोचन, म्हणजे बंद गाडी दुसरीमागे बांधून ओढणं, तर आमच्या धंद्याचाच भाग. (टोचन हा शब्द बहुधा 'टो-चेन' तोंडात घोळून झालेला. गॅरेजात दुसरा शब्द कोणी वापरत नाही, मीही वापरणार नाही.)

आधी कायदा, म्हणजे पुढचा गैरसमज नको

धडधाकट चालणारी गाडी दुसऱ्या गाडीमागे टोचन करून हौसेनं फिरवणं आपल्या देशात चालत नाही. १९८९ च्या रस्ता-नियमांत हे स्पष्ट लिहिलं होतं. ओढायची ती बंद पडलेली गाडी, किंवा अर्धवट जुळणी झालेली गाडी, किंवा नोंदणी केलेला ट्रेलर वा साइडकार. २०१७ मध्ये नवे नियम आले तरी गाभा तोच राहिला. शिवाय ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टीअरिंगवर परवानाधारक माणूस बसलेला हवा, नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनसारख्या साधनानं जमिनीवरून उचललेली हवीत. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. १९८९ च्या नियमांत वेगाची मर्यादा होती तासाला २४ किलोमीटर. पुणे ते फोंडा चारशेच्या वर किलोमीटर. भागाकार तुम्हीच करा.

म्हणून अल्टो मोटरहोममागे बांधून पत्रादेवीचा नाका ओलांडायचा बेत असेल तर तो इथेच सोडा. पुढचं वाचायचं ते दोन कारणांसाठी. एक, गोव्यातल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी परदेशात आहे. तिकडे मोटरहोम भाड्यानं घेऊन किंवा भावाच्या गाडीतून फिरायचा योग कधीही येतो, आणि तिथे हे काम अंगावर पडतं. दोन, आपली गाडी करमल घाटात बंद पडली तर हेच ज्ञान जसंच्या तसं उपयोगी पडतं. घाट बदलला म्हणून गिअरबॉक्स बदलत नाही.

तीन पद्धती

मोटरहोममागे गाडी नेण्याचे प्रकार तीन. अख्खी गाडी ट्रेलरवर चढवायची. पुढची दोन चाकं छोट्या दोनचाकी डॉलीवर ठेवायची आणि मागची जमिनीवर. किंवा चारही चाकं जमिनीवर ठेवून दांड्यानं ओढायची. लोक तिसऱ्याच्या मागे लागतात, कारण मुक्कामाला पोचल्यावर रिकामा ट्रेलर किंवा डॉली ठेवायची कुठे हा प्रश्न उरत नाही. दांडा दुमडून मोटरहोमच्या पाठीला लागतो, पाच मिनिटांत गाडी मोकळी. तिकडे अशा मागच्या गाडीला 'टोड' म्हणतात, म्हणजे बेडूक! ओढलेली या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरची कोटी आहे. भावाच्या जीपच्या मागच्या काचेवर हिरव्या बेडकाचं चित्रही होतं.

पहिली पायरी: गिअरबॉक्स

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाकं तासाला ८० च्या वेगानं फिरताहेत अशी कल्पना करा. चाकांना जोडलेले ॲक्सल फिरतात, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरेन्शियल फिरतं, गिअरबॉक्सचा चाकांकडचा शाफ्ट फिरतो. इंजिनाकडचा शाफ्ट मात्र उभाच. आता या फिरणाऱ्या भागांवर तेल कोण टाकणार?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मॅन्युअल गाडीत उत्तर सोपं आहे. अशा गाड्यांत डिफरेन्शियलचं मोठं चक्र गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेलं असतं. चाकं फिरली की ते फिरतं आणि तेल उडवतं. म्हणून अशा बऱ्याच मॅन्युअल गाड्या न्यूट्रलमध्ये ओढलेल्या चालतात. बऱ्याच म्हणतोय, सगळ्या म्हणत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल उडवायचं काम खालचा काउंटरशाफ्ट करतो आणि त्याला फिरवतं इंजिन. इंजिन बंद म्हणजे तो उभा, वरचे बेअरिंग कोरडे. पाच किलोमीटरला कळतही नाही. पाचशे किलोमीटरला गिअरबॉक्स किंचाळायला लागतो.

साध्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिन चालवतं. इंजिन बंद, पंप बंद, आतले क्लच आणि बेअरिंग कोरडे घासतात. सीव्हीटी म्हणजे गिअरच्या चक्रांऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालणारा ऑटोमॅटिक; त्यात तर हा पट्टा आणि पुल्या तेलाच्या दाबावरच जगतात. याचं उत्तम उदाहरण होंडा सीआर-व्ही. अमेरिकेत २०१४ च्या मॉडेलपर्यंत ही गाडी मोटरहोमवाल्यांची लाडकी होती. ती ऑटोमॅटिक असूनही कंपनीनं ओढायची परवानगी दिलेली, पण रीत ठरवून: इंजिन चालू करून सगळे गिअर फिरवायचे, मग न्यूट्रलमध्ये तीन मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद; आणि तासाला ६५ मैलांच्या वर जायचं नाही. २०१५ ला सीव्हीटी आली आणि परवानगी गेली. नाव तेच, गाडी दिसायलाही जवळजवळ तीच. जुन्या सीआर-व्हीच्या मालकाचा सल्ला ऐकून नवी बांधली तर लाखोंचा फटका.

जीप रँगलरची गंमत वेगळी. तिच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीला, स्वतःचा न्यूट्रल असतो. तो टाकला की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटतो, त्यामुळे ऑटोमॅटिक रँगलर ओढताना मुख्य गिअर चक्क पार्कमध्ये ठेवायचा असतो. भावानं मला पहिल्यांदा "पार्कमध्ये टाक" म्हटलं तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तिकडे सुझुकी सामुराईही लोक बरीच ओढायचे. आपल्या मारुती जिप्सीचं ते धाकटं भावंड.

आता आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या. एजीएस किंवा एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. पण त्या यंत्राला वीज लागते. गिअरमध्ये असताना बॅटरी मेली तर गाडी गिअरमध्येच अडकते, आणि ओढायला गेलात तर चाकं इंजिनालाच फिरवतात. इलेक्ट्रिक गाडी चारही चाकं जमिनीवर ठेवून कधीच ओढू नका. चाक फिरलं की मोटर फिरते, मोटर फिरली की ती जनरेटर होते, आणि ती वीज बंद गाडीत जाणार कुठे? स्ट्रॉंग हायब्रिडलाही तोच न्याय. कायम चार चाकांवर चालणाऱ्या गाडीची दोनच चाकं उचलली तर मधलं कपलिंग जळतं. या सगळ्यांना सपाट पाठीची गाडी, म्हणजे फ्लॅटबेडच.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. ग्लव्ह बॉक्समधलं गाडीचं पुस्तक काढा, 'टोइंग'चं पान उघडा. तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांची गल्लत करू नका. एक, बंद पडल्यावर जवळच्या गॅरेजपर्यंत ओढणे. यात वेग आणि अंतर दोन्हींना मर्यादा असते. काही युरोपीय ऑटोमॅटिकना ५० किलोमीटर अंतर आणि तासाला ५० चा वेग, बस. दुसरी, मोटरहोममागे मनसोक्त ओढणे. त्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच परवानगी आहे असं धरायचं. पुस्तक गप्प असेल तर उत्तर नाही असं समजा. गाडी विकणाऱ्या पोराचं तोंडी "हो हो, चालतं" इथे मोजायचं नाही.

वजन

थोडक्यात सांगतो. मोटरहोम बनवणारा दोन आकडे देतो: भरलेल्या मोटरहोमचं कमाल वजन आणि मोटरहोम अधिक मागचं सगळं मिळून कमाल वजन. दुसऱ्यातून तुमच्या भरलेल्या मोटरहोमचं खरं वजन वजा करा, उरेल तेवढंच मागे बांधता येतं. खरं म्हणजे काट्यावर जाऊन केलेलं. पाण्याची टाकी भरलेली, माणसं बसलेली, डबे-भांडी आत. मग हिच (मोटरहोमच्या मागची दांडा जोडायची जागा), दांडा आणि गाडीला लावलेली पट्टी या तिघांची क्षमता बघा. तिघांत जो सगळ्यात दुबळा तोच तुमचा आकडा. भावाची जीप दोन टनांच्या आसपास. आपली जुनी अल्टो सातशे किलोंच्या घरात. हलकी गाडी ओढायला सोपी हे खरं, पण सातशे किलोही ब्रेक मारल्यावर मागून ढकलतातच. गॅरेजात चार माणसांनी ढकललेली अल्टो थांबवायला एकटे पुढे उभे राहून बघा, म्हणजे कळेल. (बघू नका.)

दुसरी पायरी: दांडा आणि पट्टी

ओढायचा दांडा इंग्रजी 'ए'च्या आकाराचा असतो. टोक मोटरहोमच्या हिचमध्ये, दोन पाय गाडीच्या पुढच्या बाजूला. ते पाय बंपरला लागत नाहीत; बंपर हे प्लास्टिक आहे. आत गाडीच्या चासीला बोल्टनं घट्ट बसवलेली पोलादी पट्टी लागते, तिला तिकडे बेस प्लेट म्हणतात. ती त्या त्या मॉडेलसाठीच बनवलेली असते, बंपर उतरवून बसवावी लागते आणि पूर्ण दिवस खाते. बोल्ट टॉर्क पान्यानं ठरलेल्या मापाला आवळायचे आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा तपासायचे.

दांडा जमिनीला समांतर हवा. हिच आणि पट्टी यांच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर जोरात ब्रेक लागल्यावर मागची गाडी मोटरहोमखाली घुसते किंवा वर चढते. फरक असेल तर वरखाली करणारा जोडतुकडा मिळतो, तो घ्या.

मागच्या गाडीला ब्रेक कसा लावायचा, यावर लोक पैसे वाचवायला बघतात. मला ते पटत नाही. मागच्या गाडीचं इंजिन बंद असतं, त्यामुळे पेडल हलकं करणारा बूस्टर मेलेला. दोन-तीनदा पेडल दाबलं की ते दगडासारखं होतं. म्हणून वेगळी ब्रेक-यंत्रणा लागते: पेडलवर बसणारी पेटी किंवा कायमची जोडलेली. सोबत एक तुटवायर हवी. दांडा निसटलाच तर ती ओढली जाते आणि मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप लागतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ठराविक वजनाच्या पुढे ब्रेक सक्तीचा आहे आणि तो आकडा राज्यागणिक बदलतो. सक्ती असो नसो, लावा.

तिसरी पायरी: जोडणी

हे काम एकानं करायचं आणि एकानं बघायचं. बोलत बोलत करू नये. माझा भाऊ एरवी तोंडाला खीळ नसलेला माणूस, पण जोडणी करताना फोनही मोटरहोममध्ये ठेवायचा.

सपाट, सरळ जागा निवडा. गाडी मोटरहोमच्या बरोबर मागे, दांड्याच्या पायांएवढ्या अंतरावर आणा. दोन्ही पाय पट्टीच्या कानांत घाला, पिना सारा, प्रत्येक पिनेला क्लिप लावा आणि क्लिप हातानं ओढून बघा. मग साखळ्या: दोन, दांड्याखालून एकमेकींना छेदून. दांडा तुटला तर त्याचं टोक या फुलीत झेललं जातं, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणापुरती सैल हवी, पण जमिनीला घासणारी नको. मग दिव्यांची केबल. मग तुटवायर, आणि ही मोटरहोमलाच वेगळी अडकवायची, दांड्याला नाही. दांड्याला अडकवली तर दांड्याबरोबर तीही जाईल आणि ब्रेक लागणारच नाही.

आता गाडीच्या आत. गिअर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. किल्ली अशा जागी की स्टीअरिंग लॉक होणार नाही. स्टीअरिंग हातानं दोन्हीकडे फिरवून बघा. किल्ली तशीच राहिली की बॅटरी उतरते, म्हणून लांबच्या प्रवासात पुस्तकात सांगितलेला फ्यूज काढतात किंवा वेगळी चार्जिंग तार ओढतात. शेवटी हँडब्रेक.

हँडब्रेकवर दोन ओळी जास्त लिहितो, कारण तो गुन्हा माझाच. चौथ्या दिवशी सकाळी आतलं काम माझ्याकडे होतं. जागा जराशी उताराची, म्हणून जोडणी होईपर्यंत मी हँडब्रेक ओढून ठेवला आणि उतरवताना तो शेवटच्या दातावर अडकलेला राहिला. पूर्ण वर नाही, पूर्ण खालीही नाही. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मागच्या कॅमेऱ्यात धूसर काहीतरी दिसलं. मला वाटलं धूळ, ॲरिझोनात धुळीला काय तोटा! भावानं गाडी बाजूला घेतली. खाली उतरल्यावर वासानंच कळलं. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर चटका बसेल इतकी धग. ब्रेकची पट्टी गेली, दिवस गेला, आणि पुढचे दोन आठवडे हँडब्रेक उतरवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं.

म्हणून निघताना पहिले पन्नास फूट अगदी सावकाश. दुसरा माणूस बाजूला चालत चारही चाकं फिरताहेत का ते बघतो, आणि दांड्याचे दोन्ही पाय लांब होऊन 'खट' करून लॉक झाल्याचं ऐकतो. मग ब्रेक, डावा दिवा, उजवा दिवा. पहिल्या पाच-सात किलोमीटरवर पुन्हा थांबून चारही चाकांच्या मधोमध हात धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथेच शोध घ्या. मागच्या गाडीचं टायर पंक्चर झालं तरी मोटरहोमच्या सीटवर काही म्हणजे काही जाणवत नाही, त्यामुळे टायरच्या हवेचा इशारा देणारं यंत्र घ्यावं.

रिव्हर्स नाही

चारही चाकं जमिनीवर असलेली गाडी मागे ढकलता येत नाही. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं आठवा: पुढे ढकललं की निमूट मागून येतात, मागे ओढलं की गर्रकन उलटी फिरतात. गाडीच्या पुढच्या चाकांचा आसही तसाच जरा मागे कललेला असतो. पुढे जाताना चाकं आपोआप सरळ राहतात. रिव्हर्स घेतलात तर ती एका बाजूला पूर्ण वळतात, गाडी आडवी होते आणि दांडा किंवा पट्टी वाकते. एक-दोन फूट सरळ मागे गेलात तर नशीब. त्याहून जास्त करायचं असेल तर खाली उतरा, गाडी सोडा, दोन्ही वेगवेगळ्या मागे घ्या, पुन्हा जोडा.

यामुळे रस्त्याकडे बघायची नजरच बदलते. पेट्रोल पंपात शिरण्याआधी बाहेर कुठून पडायचं ते बघायचं. पुढे रस्ता बंद आहे का, वळायला जागा आहे का हे आदल्या रात्री नकाशात बघायचं. आमच्या म्हार्दोळच्या किंवा माशेलच्या आतल्या वाटा डोळ्यांसमोर आणा: एका बाजूला जांभ्याची कुंपणं, दुसऱ्या बाजूला गटार, समोरून पाव विकणारा पोदेर सायकलवर. तिथे मोटरहोम आणि मागे गाडी हे लटांबर शिरलं तर संध्याकाळपर्यंत वाडाच अडकेल. म्हणून त्या पुण्याच्या गृहस्थांना मी सांगितलं ते हे: अल्टो पुण्यात राहू दे. घरात दुसरा कोणी गाडी चालवत असेल तर त्यानं अल्टो चालवत मागून यावं. नाहीतर गोव्यात भाड्याची स्कूटर घ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. एकट्याला बाजारात जायचं असेल तर पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसा, भाडं आधी ठरवून. आणि समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालायचा मोह कितीही झाला तरी नको. गुन्हा तर आहेच, शिवाय ओल्या वाळूत रुतलेली गाडी काढणं हे टोचनही नव्हे, तो वेगळाच तमाशा असतो.

गोव्यात गाडी बंद पडली तर

आता तुमच्या कामाचं. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी करमल घाटात बाळ्ळीकडून चढताना एक वॅगन-आर उभी दिसली. मडगावचं कुटुंब पैंगिणीला गावच्या घरी चाललेलं. डिकीत गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, मागच्या सीटवर आजी मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. मागून गाड्यांची रांग, वरून पाऊस. कुणीतरी मदतीला आलेल्या पिकअपवाल्यानं नायलॉनची दोरी खालून चाकाच्या आर्मला बांधलेली आणि तो हिसका द्यायच्या बेतात. मी ओरडून थांबवलं.

पहिली गोष्ट, दोरी कुठे बांधायची. चाकाच्या आर्मला, स्टीअरिंगच्या रॉडला किंवा बंपरला कधीही नाही. आर्म वाकला की चाकाची दिशाच बिघडते. जॅक आणि पान्याच्या पिशवीत पोलादी हूक असतो, पुढच्या बंपरवर चौकोनी झाकण असतं. झाकण काढून हूक आट्यात पूर्ण फिरवून बसवायचा. काही युरोपीय गाड्यांत आटा उलटा असतो, तेव्हा फिरत नाही म्हणून हातोडी मारू नका. जुन्या गाड्यांना हूक खाली कायमचाच असतो.

दुसरी गोष्ट, गाडी मोकळी आहे का. ती वॅगन-आर होती एएमटी. फ्युएल पंप गेलेला, स्टार्टर मारून मारून आणि चारही इंडिकेटर लावून बॅटरी पार उतरलेली, आणि मालकानं उतारावर सरकू नये म्हणून गिअरमध्येच बंद केलेली. हिसका दिला असता तर चाकं घासत गेली असती. माझ्या पिकअपच्या बॅटरीवरून केबल लावली, मागच्या चाकाखाली दगड ठेवला, किल्ली ऑन, ब्रेक दाबून लिव्हर न्यूट्रलला. आतून बारीक 'कुर्र' आवाज आला, तेव्हा गिअर सुटला. मग दोघांनी ढकलून खात्री केली.

तिसरी, टोचन करायचं की नाही. आम्ही केलं नाही. गाडी कडेला रुंद जागेत ढकलली, त्रिकोण मागे बराच दूर ठेवला, लोकांना आधी बसमध्ये बसवून दिलं आणि फ्लॅटबेड बोलावला. करमल असो, अनमोड असो की चोर्ला, घाटात दोरीचं टोचन मी करत नाही. उतारावर दोरी सैल पडते, मागची गाडी पुढच्यावर येते, बूस्टर मेलेला असतो, आणि स्टीअरिंगही जड झालेलं असतं. पावसात तर नकोच. आपल्या विम्यात अपघातानंतर गाडी गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च खासगी मोटारीला १,५०० रुपयांपर्यंत धरलेला असतो. बंद पडलेल्या गाडीसाठी रस्त्यावरची मदत वेगळी घेतलेली असेल तर तो नंबर डॅशबोर्डवर लिहून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, आणि जीवावरचं काही असेल तर ११२.

सपाट रस्ता, उजेड, कोरडं हवामान आणि अंतर थोडं असेल, म्हणजे समजा फोंड्याच्या बाजारातून कुर्टीपर्यंत, तर टोचन करायला हरकत नाही. घट्ट दांडा मिळाला तर उत्तम. नाहीतर रुंद पट्ट्याची टो-दोरी, चार-साडेचार मीटर, दोन्ही टोकांना शॅकल, म्हणजे पिनेची लोखंडी कडी. लोखंडी वायर नको, तुटली तर चाबकासारखी काच फोडून येते. दोरीच्या मध्यावर लाल फडकं बांधा म्हणजे दोन गाड्यांच्या मधून स्कूटर घालणाऱ्याला ती दिसेल. आपल्याकडे घालणारे आहेतच. मागच्या गाडीवर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहा. अक्षरं ७५ मिलिमीटर उंच हवीत, म्हणजे साधारण चार बोटं.

मागच्या गाडीत जो बसतो तोच खरा चालक. किल्ली ऑन, स्टीअरिंग मोकळं, इंडिकेटर चालू, आजी-मुलं पुढच्या गाडीत. निघताना पुढच्यानं क्लचवर अलगद दोरी ताणून घ्यायची, मग उचल. नंतर दोरी कायम ताणलेली ठेवणं हे मागच्याचं काम: पुढचा हळू झाला की मागच्यानं आधी ब्रेक दाबायचा, पुढच्यासाठी सुद्धा. पेडल दगड झालेलं असतं, दोन्ही पाय लागले तरी लावा. तासाला वीसच्या वर जायचं कारण नाही. एक हॉर्न म्हणजे निघ, दोन म्हणजे थांब, हे आधी ठरवा. चालू रस्त्यात हात हलवलेला कुणाला दिसत नाही. फेरीबोटीत टोचन चढवू नका, धक्क्याच्या उतारावर दोरी सैल पडून गाडी पाण्याच्या दिशेनं सरकते.

गॅरेजात पोचल्यावर हूक लगेच काढून पुसून पिशवीत टाका आणि बंपरचं झाकण परत दाबून बसवा. आमच्या टेबलाखाली डब्यात अकरा हूक पडलेले आहेत, सगळे कोणी ना कोणी विसरून गेलेले, आणि त्यांचे मालक आज कुठे तरी हुकाशिवाय फिरताहेत. त्यातला एक मडगावच्या त्या वॅगन-आरचा आहे.